फोर्ट्रानमध्ये ई रेज टू एक्स: उत्तर येतं, पण चुकीचं

एम.एस्सी. फिजिक्सला फोर्ट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेचं प्रॅक्टिकल सुरू झालं की ज्युनिअर मुलं लॅपटॉप घेऊन येतात. तक्रार बहुतेकांची एकच: "प्रोग्रॅम कंपाइल होतो, रनही होतो, पण उत्तर जुळत नाही." कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, ओरडला तर निदान ओळ क्रमांक तरी मिळतो. इथे तो गप्प असतो.

भाषा आयबीएमने १९५७ साली आणलेली, म्हणून कंटाळून शिकू नका. डब्ल्यूआरएफसारखं हवामानाचं मॉडेल आजही मुख्यतः फोर्ट्रानमध्येच आहे. पुढे पुण्यातल्या पाषाणच्या आयआयटीएममध्ये, म्हणजे हवामान संशोधन संस्थेत, काम करायची इच्छा असेल तर ही भाषा रोज समोर येईल.

पहिला प्रोग्रॅम बहुधा ई रेज टू एक्सच्या मालिकेचा असतो: १ अधिक एक्स, अधिक एक्सचा वर्ग भागिले २ फॅक्टोरियल, अधिक एक्सचा घन भागिले ३ फॅक्टोरियल, अशी पदं मिळवत जायचं. एन म्हणजे पदाचा क्रमांक, आणि एन फॅक्टोरियल म्हणजे १ ते एन या संख्यांचा गुणाकार. तो अडला की मी एवढंच सांगतो: बेरीज बघू नका, पद बघा. लूपच्या आत एक प्रिंट टाका आणि एन, त्या वेळचं पद आणि आतापर्यंतची बेरीज एका ओळीत छापा.

मागे एक मुलगी आली होती. एक्स १ ठेवला की २.७१८२८२ अगदी बरोबर यायचं. एक्स १० ठेवला की मात्र उत्तर २२०२६.४७ च्या जवळपासही जात नव्हतं. तिने फॅक्टोरियल वेगळ्या इंटिजर (पूर्णांक) व्हेरिएबलमध्ये ठेवलं होतं. प्रिंट टाकल्यावर एन १०, ११, १२ ला पदं आली २७५५.७, २५०५.२, २०८७.७. छान उतरत होती. १३ ला एकदम ५१७५.८! एन १० च्या पुढे गेल्यावर प्रत्येक पद आधीच्यापेक्षा लहानच हवं, कारण आपण एकापेक्षा लहान संख्येने गुणतोय. तिने कॅल्क्युलेटरवर १३ फॅक्टोरियल काढलं आणि तिचं तिलाच उमगलं. खरा आकडा ६,२२,७०,२०,८००. साध्या ३२ बिटच्या इंटिजरमध्ये मावतात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७. वरचं सांडून गेलं आणि उरले १,९३,२०,५३,५०४. फोर्ट्रानने हूं की चूं केलं नाही. एक्स १ असताना ते पद इतकं बारीक असतं की चूक दिसतच नाही. म्हणून फक्त १ वर तपासून प्रोग्रॅम सबमिट करू नका.

यावर मोठा इंटिजर घेणं हा उपाय नव्हे. फॅक्टोरियल काढायचंच कशाला? आधीच्या पदाला एक्सने गुणा, एनने भागा, पुढचं पद तयार. पण इथे कंस जपून टाका. एक भागिले एन वेगळ्या कंसात लिहिलंत तर दोन्ही इंटिजर असल्याने दशांश भाग टाकला जातो, एन २ पासून भागाकार शून्य येतो, पुढची सगळी पदं मरतात आणि उत्तर राहतं फक्त १ अधिक एक्स. एक्स १० ला ११ आले, तर दुसरीकडे शोधत बसू नका.

प्रोग्रॅमच्या सुरुवातीला इम्प्लिसिट नन ही ओळ लिहिणं, म्हणजे प्रत्येक नावाचा प्रकार स्वतः सांगणं, तर सक्तीचंच समजा. ते नसेल तर आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं न सांगितलेलं नाव फोर्ट्रान इंटिजर धरतो. पुढच्या पदाला नेक्स्ट असं नाव दिलंत की दशांश गायब.

फंक्शन पहिल्यांदा बरोबर उत्तर देतं आणि दुसऱ्यांदा बोलावलं की जास्त देतं, असं झालं तर डिक्लेरेशनची, म्हणजे व्हेरिएबलचा प्रकार सांगणारी, ओळ बघा. तिथेच बेरीज शून्य केली असेल तर ते शून्य एकदाच, सुरुवातीला मिळतं. पुढच्या कॉलला जुनीच बेरीज हातात येते. सी भाषेतून आलेली मुलं इथे हमखास अडकतात. शून्य करायची ओळ खाली, लूपच्या आधी, वेगळी लिहा.

हे सगळं झाल्यावर एक्स उणे २० ठेवून बघा. मला या प्रोग्रॅममधला सगळ्यात आवडता भाग हाच. खरं उत्तर आहे ०.००००००००२०६ च्या आसपास. पण मधली पदं उणे-अधिक करत ४ कोटी ३१ लाखांपर्यंत चढतात. एवढ्या मोठ्या आकड्याजवळ डबल प्रिसिजनमध्येही (जास्त अंक धरणाऱ्या प्रकारात) कॉम्प्युटरला लिहिता येणाऱ्या दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतर सुमारे ०.००००००००७५ असतं, म्हणजे आपल्या उत्तरापेक्षाही जास्त. उत्तर त्या फटीत हरवतं. कोडमध्ये चूक नसते, पदंही एकेक बरोबर असतात, तरी बेरीज निरर्थक. पदं वाढवून किंवा थांबण्याची अट कडक करून काही होत नाही. ई रेज टू अधिक २० काढा, तिथे सगळी पदं धन असतात, आणि एकाला त्याने भागा. मग फोर्ट्रानच्या तयार एक्स्प फंक्शनचं उत्तर शेजारी छापून ताडून पाहा, आणि दोन्ही पद्धतींचे आकडे जर्नलमध्ये लिहा. व्हायवामध्ये परीक्षकांना दाखवण्यासारखं त्या प्रॅक्टिकलमध्ये याहून चांगलं काही नाही.