ग्राहकाच्या घरातील राउटर आणि संगणकाच्या तक्रारी: लहान इंटरनेट सेवादात्यांसाठी मार्गदर्शन

ग्राहक फोनवर सांगतो ते बहुतेक वेळा एवढेच असते, की नेट बंद आहे. त्यामागे तुटलेली फायबर असू शकते, जळालेला अडॅप्टर असू शकतो, राउटरमधून पुसला गेलेला युजर आयडी असू शकतो किंवा केवळ संगणकाची चुकलेली तारीखही असू शकते. मोठ्या कंपनीत या प्रत्येक कारणासाठी वेगळा विभाग असतो. लहान सेवादात्याकडे मात्र खांबावर चढून फायबर जोडणारा माणूसच फोनही घेतो, आणि लाइन ठीक असली तरी ‘आता आलाच आहात तर कॉम्प्युटर पण बघा’ ही विनंती त्यालाच ऐकावी लागते. म्हणून आपली जबाबदारी नेमकी कुठे संपते, हे पहिली तक्रार येण्याआधीच ठरवून ठेवावे.

ही हद्द केबल लावून तपासता येईल अशा ठिकाणी असावी. राउटर ग्राहकाचा असेल तर ओएनयूचे (फायबर ज्यात येऊन संपते त्या घरातील उपकरणाचे) लॅन पोर्ट, म्हणजे घरातील उपकरणांची केबल लागते ती खाच, आणि राउटर आपण दिलेला असेल तर त्या राउटरचे लॅन पोर्ट, ही माझ्या मते सर्वांत योग्य जागा आहे. वायफायवरील वेग भिंती, अंतर, शेजारचे राउटर आणि ग्राहकाचा फोन यांवर अवलंबून असल्यामुळे त्याची हमी देऊ नये, आणि ही गोष्ट जोडणी देतानाच लेखी कळवावी. आपण दिलेल्या राउटरची सेटिंग, फर्मवेअर आणि पासवर्ड ही आपली जबाबदारी राहते. ग्राहकाच्या राउटरवर पहिल्यांदा जोडणी करून द्यावी आणि पुढे मदत म्हणून जेवढे शक्य असेल तेवढेच करावे. नियम सर्वांना सारखा असावा, कारण एका घरात मोफत विंडोज टाकून दिले, की त्याच इमारतीतील इतरांनाही तीच अपेक्षा ठेवण्याचा हक्क वाटू लागतो.

तक्रारीचा फोन आल्यावर ग्राहकाला प्रश्न विचारण्यापूर्वी आपली बाजू पाहावी. ग्राहकाचे पीपीपीओई सेशन (युजर आयडी व पासवर्डने होणारी जोडणी) चालू आहे का, नसल्यास ते किती वाजता तुटले, आणि ओएलटीवर (अनेक ओएनयू ज्याला जोडलेले असतात त्या आपल्या बाजूच्या यंत्रावर) त्याच्या ओएनयूची स्थिती काय दिसते, एवढे पाहिले तरी निम्मी शक्यता निकाली निघते. वीज जाताना जीपॉन या फायबर तंत्रातील ओएनयू ‘डाइंग गॅस्प’ हा शेवटचा संदेश पाठवतो. तो आला असेल तर फायबर शोधत फिरण्याऐवजी अडॅप्टर आणि बोर्डाचे बटण पाहायला सांगावे. संदेश न येता सिग्नल गेला असेल, तर त्याच स्प्लिटरवरील (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या भागावरील) इतर ग्राहक चालू आहेत का ते पाहावे. जीपॉन उपकरणांच्या नेहमीच्या बी प्लस वर्गात ओएनयूपर्यंत पोहोचणारा प्रकाश उणे ८ ते उणे २७ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक) या मर्यादेत असावा लागतो, त्यामुळे आकडा उणे २६ च्या आसपास रेंगाळत असेल तर सेवा चालू असली तरी कनेक्टर आणि वाकलेली फायबर तपासून घ्यावी.

त्यानंतर ग्राहकाला काय दिसते ते विचारावे. त्याला काय वाटते ते विचारण्याने फारसे काही हाती लागत नाही. ओएनयूवर लाल दिवा आहे का, अडचण एकाच उपकरणावर आहे की सर्वांवर, एकच साइट उघडत नाही की कोणतीच उघडत नाही, हे तीन प्रश्न पुरेसे असतात. राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगताना ‘रिसेट’ हा शब्द कटाक्षाने टाळावा, कारण तो ऐकून अनेक जण टाचणीने मागचे छोटे बटण दाबून धरतात. मग युजर आयडी, वायफायचे नाव आणि पासवर्ड सगळेच पुसले जाते आणि फोनवर मिटणाऱ्या कामासाठी घरी जावे लागते. ‘अडॅप्टरची पिन काढा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा लावा’ असे सरळ सांगावे.

घरी गेल्यावर पहिली चाचणी आपल्याच लॅपटॉपवर, केबल लावून आणि ग्राहकाच्या समोर घ्यावी. ग्राहकाच्या संगणकापासून सुरुवात केली, तर दोष लाइनचा की संगणकाचा हा वाद शेवटपर्यंत मिटत नाही. केबलवर वेग बरोबर आला, की मग राउटरजवळ वायफायवर आणि शेवटी तक्रार असलेल्या खोलीत मोजावे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून त्यांपैकी सर्वांत मोकळे निवडावे; ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त असला तरी तो भिंतींमागे लवकर क्षीण होतो. केबलवरही वेग ९४ एमबीपीएसच्या पुढे सरकत नसेल, तर लाइनवर संशय घेण्यापूर्वी केबल बदलावी. गिगाबिटसाठी तारेच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात. एखादी तार तुटली, की लिंक गुपचूप खालच्या वेगावर येते. पोर्टच १०० एमबीपीएसचे असले तरीही हेच दिसते, हे लक्षात असू द्यावे.

संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर त्याला डीएचसीपीकडून, म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेकडून, उत्तर आलेले नाही. याच्या उलट, पत्ता मिळतो पण तो भलत्याच मालिकेतला असतो, तेव्हा घरात दुसरा राउटर आला आहे का ते विचारावे. आपली केबल वॅन (बाहेरून येणाऱ्या जोडणीच्या) पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये खोचली, की तो राउटर आपल्या जाळ्याकडे तोंड करून पत्ते वाटू लागतो आणि पोर्ट एकमेकांपासून वेगळे केलेले नसतील तर शेजाऱ्यांचेही नेट बंद पडते. एका घरातील चूक पूर्ण इमारतीची तक्रार होऊ नये, यासाठी पोर्ट आयसोलेशन (ग्राहकांची पोर्ट एकमेकांपासून वेगळी ठेवणे) आणि डीएचसीपी स्नूपिंग (भलत्या राउटरने वाटलेले पत्ते अडवणे) पहिल्या दिवसापासून चालू ठेवावे. ही खबरदारी माझ्या दृष्टीने वैकल्पिक नाही.

१.१.१.१ या सार्वजनिक सर्व्हरकडून पिंगला (पोहोच तपासणाऱ्या छोट्या संदेशाला) उत्तर येते पण नावाने कोणतीच साइट उघडत नाही, तेव्हा दोष डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेत असतो, आणि तो संगणकात तसाच राउटरमध्येही पाहावा लागतो. डीएनएसचेंजर या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) जगभरातील लाखो संगणकांचे डीएनएस पत्ते बदलून ते गुन्हेगारांच्या सर्व्हरकडे वळवले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयच्या कारवाईनंतर त्या सर्व्हरांच्या जागी चांगले सर्व्हर तात्पुरते चालवण्यात आले आणि ते ९ जुलै २०१२ रोजी बंद झाले. तोवर ज्यांनी संगणक साफ केले नव्हते, त्यांची लाइन ठणठणीत असूनही नेट बंद पडले. काही थोड्याच साइट अर्धवट उघडत असतील तर एमटीयू (एका वेळी पाठवता येणाऱ्या डेटाच्या पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) तपासावा; पीपीपीओईमध्ये तो १५०० ऐवजी १४९२ असतो.

ग्राहकाच्या संगणकात हात घालताना मर्यादा काटेकोर असावी. तारीख आणि वेळ दुरुस्त करणे, नको असलेली प्रॉक्सी किंवा व्हीपीएन बंद करणे, पत्ता आणि डीएनएस आपोआप मिळेल असे ठेवणे, एवढे जोडणीचाच भाग म्हणून करावे. तारीख चुकली, की सुरक्षित साइटची प्रमाणपत्रे अमान्य ठरतात आणि ग्राहकाला नेटच बंद आहे असे वाटते. अँटिव्हायरस काढणे, फाइल पुसणे किंवा फॉरमॅट करणे ही कामे जोडणीच्या तक्रारीत करू नयेत; ती घ्यायचीच असतील तर वेगळे शुल्क ठरवून, लेखी संमतीने आणि ग्राहकाने बॅकअप घेतल्याची खात्री करून घ्यावीत. पासवर्ड ग्राहकानेच टाकावा. दुरून संगणक पाहायचा असेल तर ग्राहकाची तक्रार नोंदलेली असावी, तो स्वतः समोर बसलेला असावा आणि काम संपताच तो प्रवेश बंद करावा. इंटरनेट कंपनीचे नाव सांगून फसवणारे फोन येत असतात, म्हणून तक्रारीशिवाय आपण असा प्रवेश कधीही मागत नाही, हे प्रत्येक ग्राहकाला आधीच सांगून ठेवावे.

आपण दिलेल्या राउटरांचे दुरून व्यवस्थापन करताना हीच काळजी आपल्यालाही लागू होते. टीआर-०६९ या दुरून व्यवस्थापनाच्या पद्धतीसाठी वापरले जाणारे ७५४७ क्रमांकाचे पोर्ट जगाला खुले ठेवू नये. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिराई या मालवेअरच्या एका प्रकाराने याच पोर्टवर चढाई केली, तेव्हा जर्मनीत डॉइचे टेलिकॉमचे सुमारे ९ लाख ग्राहक अडचणीत आले होते. व्यवस्थापन केवळ आपल्या सर्व्हरच्या पत्त्यावरून चालेल असे ठेवावे आणि प्रत्येक राउटरला वेगळा पासवर्ड द्यावा.

दोष ग्राहकाच्या बाजूचा निघाला, तर ‘आमचे सगळे ठीक आहे’ एवढे बोलून निघू नये. प्रकाशाचा आकडा, केबलवर मिळालेला वेग, त्या खोलीत मिळालेला वेग आणि पुढे कोणाला दाखवावे याचा सल्ला, हे सर्व तक्रारीच्या नोंदीत लिहून त्याला संदेशाने पाठवावे. नोंदी दर महिन्याला स्प्लिटरनुसार लावून चाळाव्यात. वायफाय कमकुवत असल्याच्या किरकोळ वाटणाऱ्या तक्रारी एकाच स्प्लिटरवरील चार घरांतून येत असतील, तर पुढच्या वेळी टेक्निशियनला घरात पाठवण्याआधी स्प्लिटरचा डबा उघडायला सांगावे.