लायसन्सनंतरचं ड्रायव्हिंग: इंदूरच्या रस्त्यावर गाडी सुरक्षित कशी चालवावी

मागच्या हिवाळ्यात एका रात्री आई आणि मी देवासहून परत येत होतो. बायपासवर मांगलियाच्या पुढे समोरच्या कारचे ब्रेकलाइट एकदम पेटले आणि ती उजवीकडे वळून निघून गेली. ती जिथे होती तिथे, माझ्या लेनमध्ये, बटाट्याची पोती भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली रांगत होती. मागे दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही. मी थांबू शकले. माझे ब्रेक फार चांगले होते असं नाही, समोरच्या कारपासून मी अंतर राखलं होतं, एवढंच. मागच्या सीटवर आई होती आणि तिने पट्टा लावलेला होता.

आपण क्लच सोडायला, चढावर गाडी उभी करायला, रिव्हर्स घ्यायला शिकतो आणि लायसन्स हातात येतं. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात कारचा अभ्यासक्रम २९ तासांचा असतो: ८ तास वर्गात, २१ तास गाडीवर. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला याच्या निम्मंही शिक्षण आलेलं नाही. पण दुसरा चुकणारच हे धरून त्याच्या चुकीला पुरेल एवढी जागा आपल्याभोवती राखणं, म्हणजेच डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग, आजही शिकता येतं. महिनाभर रविवारची सकाळ द्या.

आधी नीट बसा

पाठ आणि कंबर सीटला पूर्ण टेकवा. ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ ताठ होत असेल तर सीट पुढे घ्या, नाहीतर ऐन वेळी पूर्ण जोर लागत नाही. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या उंचीला आणा. मानेमागे ठेवलेला हेडरेस्ट मागून धक्का बसल्यावर उपयोगाचा नाही. बाहेरचे आरसे इतके बाहेर वळवा की आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल. तरीही थोडा भाग दिसत नाहीच. लेन बदलण्यापूर्वी खांद्यावरून एक नजर टाका.

पट्टा सगळ्यांनी, मागच्यांनीही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. आपल्याकडे काका-काकूंना पट्टा लावा म्हणायला संकोच वाटतो. मी गाडी सुरूच करत नाही. दोन-तीनदा तसं झालं की घरात सवय लागते.

मग बोलत बोलत गाडी चालवा

सगळ्या धड्यांमध्ये मला हा सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि याला पैसा लागत नाही. ब्रिटिश पोलिसांच्या चालक-प्रशिक्षणात ही पद्धत फार जुनी आहे: जे दिसतं, त्यातून जे होऊ शकतं आणि त्यावर आपण काय करणार, ते मोठ्याने बोलायचं.

रविवारी पोह्यांच्या गाड्यांवर गर्दी व्हायच्या आत लोकमान्य नगरातून निघा आणि अन्नपूर्णा रोडने बोलत जा. माझं बोलणं साधारण असं असतं: “डावीकडे मॅजिक व्हॅन थांबली आहे, सवारी उजव्या बाजूने उतरू शकते, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला. पुढे ई-रिक्षा, चालक मागे वळून बघतोय, म्हणजे वळणार. उभ्या कारचं चाक तिरकं झालंय, ती निघणार. आरशात सिटी बस, फार जवळ, म्हणजे मला ब्रेक हळू लावावा लागेल. दुकानासमोर मुलगा एकटाच उभा आहे आणि त्याची आई रस्त्याच्या पलीकडे.”

हे शेवटचं वाक्य बोलायला यायला मला तीन आठवडे लागले. आधी मुलगा दिसायचा, आई दिसायची, पण दोघांमधला रस्ता दिसत नव्हता.

पहिल्या दिवशी दहा मिनिटांत घसा सुकतो आणि लक्षात येतं की आपली नजर पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवर खिळलेली असते. ती उचलून बारा सेकंद पुढे न्यायची. ६० च्या वेगाला बारा सेकंद म्हणजे २०० मीटर. शहरात एवढं पुढचं दिसत नाही, तेव्हा दिसतं तिथपर्यंत. दर पाच-सात सेकंदांनी एक नजर आरशात. ट्रकच्या बाजूने जाताना एक खूण लक्षात ठेवा: त्याच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

अंतर सेकंदांत मोजा

समोरची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात म्हणा, “एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन”. तीन पूर्ण होण्याआधी तुम्ही त्या खांबापाशी आलात तर फार जवळ आहात. पावसात किंवा रात्री अंतर दुप्पट ठेवा.

यावर इंदूरमध्ये प्रत्येक जण एकच म्हणतो: एवढी जागा सोडली तर कुणीतरी घुसतं. घुसतंच. घुसू द्या आणि पाय थोडा वर उचलून पुन्हा तीन सेकंद करा. विजयनगरहून राऊपर्यंत दहा गाड्या मध्ये आल्या तरी तुमचं अर्धं मिनिट जातं. सिग्नलला उभं राहतानाही पुढच्या गाडीची मागची चाकं जमिनीला टेकलेली दिसतील इतकं मागे थांबा. ती बंद पडली तर बाजूने निघायला वाट राहते.

पूर्ण ब्रेक दाबायला शिका

पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. देशातल्या गाड्या तिथे तपासल्या जातात. पण गाडी घेणाऱ्याने बहुतेक वेळा आयुष्यात एकदाही ब्रेक तळापर्यंत दाबलेला नसतो. पहिल्यांदा दाबतो तो थेट अपघाताच्या क्षणी.

८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर ३३ मीटर मागे पडले, आणि गाडीचा वेग अजून तेवढाच आहे. त्यापुढे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५-४० मीटर. ४० च्या वेगाला हे ब्रेकचं अंतर ९-१० मीटरच असतं: वेग दुप्पट, अंतर चौपट.

म्हणून सराव करा. परवानगी घेऊन एखादं मोकळं, कोरडं, पक्कं मैदान बघा. गाडीत सैल काही ठेवू नका, पायाशी घरंगळणारी पाण्याची बाटली तर मुळीच नको. ३० चा वेग घ्या, खुणेपाशी आलात की ब्रेक एकदम, पूर्ण जोराने दाबा. मॅन्युअल गाडीत क्लचही दाबा. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावरही चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर पेडल पायाखाली थरथरेल, खर्रखर्र आवाज येईल, काहीतरी तुटल्यासारखं वाटेल. इथेच माणूस घाबरून पाय उचलतो. उचलू नका. ती थरथर म्हणजे एबीएस काम करतंय. मी पहिल्या तीनही वेळा पाय सोडला, चौथ्यांदा धरून ठेवला.

हे जमलं की ४० ला करा. मग पुढे रिकामा खोका ठेवा आणि ब्रेक पूर्ण दाबून ठेवत त्याच्या बाजूने गाडी काढा. एबीएसचा खरा फायदा हाच, ब्रेक लागलेला असतानाही स्टिअरिंग ऐकतं. या वेळी खोक्याकडे बघायचं नाही, मोकळ्या वाटेकडे बघायचं. डोळे जातात तिकडे हात जातात. एप्रिल २०१९ नंतरच्या नव्या कारमध्ये एबीएस असतंच. जुन्या गाडीत नसेल तर चाकं जाम होतात आणि स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो. तिथे पेडल जरासं सैल करून चाकं फिरू द्यायची, मग वळवायचं, मग पुन्हा दाबायचं.

घाट, पाऊस, धुकं

धुळ्याकडे जाताना मानपूरच्या पुढे गणपती घाट लागतो. उतारावर ब्रेक फेल झालेल्या ट्रकांचे किती अपघात तिथे झाले, हे इंदूरकरांना सांगायला नको. आता उतरणाऱ्या गाड्यांसाठी वेगळा रस्ता झाला आहे, पण पुढे सेंधव्यानंतर बिजासन घाट आहेच. ब्रेक सतत दाबून ठेवले की तापतात आणि तापले की पकड सोडतात. जो चढ ज्या गियरमध्ये चढला असता त्याच गियरमध्ये तो उतरा, म्हणजे इंजिनच गाडीला रोखून धरतं. ऑटोमॅटिकमध्ये त्यासाठी ‘एल’ किंवा मॅन्युअल मोड असतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे अजून भेटतात, आणि त्यांना हे सांगितलंच पाहिजे: आजच्या गाड्यांमध्ये गियरमध्ये उतरताना पाय काढला की इंधन बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं.

माळव्याची काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांना लागून रस्त्यावर येते आणि पहिल्या पावसात तिचा साबण होतो. त्या दिवसांत सगळं हळू: ब्रेक, वळण, अ‍ॅक्सिलरेटर. साचलेल्या पाण्यात स्टिअरिंग अचानक हलकं लागलं तर टायर पाण्यावर तरंगतोय. ब्रेक नको, स्टिअरिंग सरळ, पाय काढा. टायर फुटला तरी हेच. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बदलायचा, आणि हवा सकाळी टायर थंड असताना तपासायची.

धुक्यात लो बीम. हाय बीमचा प्रकाश धुक्यावरून आपल्याच डोळ्यांत परत येतो. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावू नका, तुम्ही कुठे वळणार हे मागच्याला कळत नाही.

शिकवणारा कसा निवडावा

स्वतःचा सराव झाल्यावर एक दिवस प्रशिक्षकाबरोबर काढा, कारण आपल्या सवयी आपल्याला दिसत नाहीत. फोन करून तीन गोष्टी विचारा: पूर्ण ब्रेकचा सराव बंद जागेत करून घेता का, माझ्याच गाडीवर शिकवाल का, आणि रात्री हायवेवर एक फेरी होईल का. तिन्हींना हो म्हणणारा मिळेपर्यंत शोधत राहा. फेरी बायपासचीच मागा, रात्री आठनंतरची. सर्व्हिस रोडवरून उलटे येणारे, दिव्याविना चालणाऱ्या ट्रॉल्या, डोळ्यांवर येणारे हाय बीम हे सगळं तेव्हा एकाच तासात भेटतं आणि शेजारी जाणता माणूस असतो.