कयाकमधून मासेमारी करताना पाय आणि कंबर कशी सांभाळावी

माजलगावच्या धरणात थर्माकोलच्या चप्पूवर बसलेला मच्छीमार हवे तेव्हा पाय मुडपतो, हवे तेव्हा पाण्यात सोडतो. कयाकमध्ये, म्हणजे पाय पुढे पसरून बसायच्या अरुंद, छोट्या होडीत, गळ टाकून बसणाऱ्याला ही मोकळीक नसते आणि तास-दोन तासांत त्याची कंबर धरते. दोष बहुधा वल्हवण्याला दिला जातो, परंतु माझ्या मते खरे कारण पाय लांब करून एकाच जागी निश्चल बसणे हे आहे.

मांडीच्या मागचे स्नायू आपण ज्या हाडांवर बसतो तेथून निघून गुडघ्याखाली जोडलेले असतात. त्यामुळे गुडघे पूर्ण ताठ केले की हे स्नायू कटिभागाला मागे ओढतात, कंबरेचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो आणि माणूस पोक काढून बसतो. पंगतीत तासभर मांडी घालून बसणाऱ्यालाही हे बसणे जड जाते, ते याचमुळे. म्हणून कयाक काठावर असतानाच तीत बसून पाय टेकवण्याचे आधार असे सरकवून घ्यावेत, की तळपाय पक्के टेकतील आणि गुडघे किंचित वाकलेले, जरा बाहेर झुकलेले राहतील. पाठीचा आधार कंबरेच्या खोलगट भागाला लागला पाहिजे. तो लागत नसेल, तर महागडे आसन घेण्याआधी टॉवेलची घडी ठेवून पाहावी. उंच आसनाने मांड्यांना आराम मिळतो खरा, पण तोल तितकाच बिघडतो. लाइफ जॅकेटचा पाठीकडील जाड फोम आसनात अडकत असेल, तर तो वरच्या भागात असलेले जॅकेट निवडावे. जॅकेट काढून मात्र ठेवू नये.

आमिष, पक्कड आणि पाण्याची बाटली पुढे, हाताशी ठेवावी, म्हणजे वारंवार मागे वळून कंबरेला पीळ बसणार नाही.

पाऊणएक तासाने काठाला लागून चार पावले चालावे. पायांना मुंग्या आल्या असतील, तर त्या जाईपर्यंत उभे राहू नये, कारण उन्हाळ्यात पाणी ओसरलेल्या काठावरच्या काळ्या गाळात बधिर पाय हमखास घसरतो. कळ गुडघ्याखाली उतरत असेल किंवा बधिरपणा टिकून राहिला, तर डॉक्टरांना दाखवावे; जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

परतताना कयाक जीपच्या टपावर दोघांनी मिळून, गुडघ्यांत वाकून चढवावी. दिवसभर आखडलेली कंबर नेमकी याच वेळी लचकते.