रायग्रास लावताय? आधी बियाण्याचा प्रकार बघा

भात झोडून झालं की वसई, भिवंडीकडचे शेतकरी आणि गोरेगाव-जोगेश्वरीचे तबेलेवाले हिवाळ्याच्या वैरणीची चौकशी सुरू करतात. रायग्रास जरूर लावा. मात्र पिशवीवर 'बहुवर्षायू' लिहिलेलं दिसलं, तर ती पिशवी घेऊ नका. हे थंड हवेचं गवत आहे. पारा 25 अंशांच्या वर राहिला की त्याची वाढ मंदावते, आणि आपला एप्रिल-मे ते काढत नाही. एकदा पेरून वर्षानुवर्षं कापायचं, हे मुंबईच्या हवेत व्हायचं नाही.

आपल्याला हवं वार्षिक रायग्रास, त्यातही वेस्टरवोल्ड प्रकारचं. ते झटपट वर येतं, आणि आपल्याकडे गारवा तरी किती दिवस असतो! पुढे डिप्लॉइड (गुणसूत्रांचे दोन संच असलेलं) की टेट्राप्लॉइड (चार संच असलेलं) हा प्रश्न येईल. कापून गव्हाणीत टाकायचं तर टेट्राप्लॉइड घ्या. पान रुंद, रसाळ, म्हशी आवडीने खातात. डिप्लॉइडला फुटवे दाट येतात, ते चराईला बरं.

लॉनचं बियाणं स्वस्तात मिळालं तरी वैरणीसाठी नकोच. हिरवळीच्या कित्येक जातींत गवताच्या आत एक बुरशी राहते. तिच्या विषाने जनावर थरथरतं, चालताना झोकांड्या खातं.

ऑक्टोबरच्या उकाड्यात पेरणीची घाई करू नका. नोव्हेंबरच्या मध्यावर, रात्री अंगावर चादर घ्यावीशी वाटू लागली की पेरा. गुंठ्याला साधारण 300 ग्रॅम बी पुरतं. बी बारीक, म्हणून माती चांगली भुसभुशीत करा आणि सेंटिमीटरभरच मातीआड करा. उगवल्यावर पान उलटून बघा, पाठ तेल लावल्यासारखी चकाकते. तण ओळखायला ही खूण फार उपयोगी पडते.

पहिली कापणी साधारण 50 दिवसांनी. जमिनीपासून चार बोटं खुंट ठेवाच, बुडातून खरवडलं तर पुढचा फुटवा मार खातो. कापणीनंतर थोडा युरिया आणि लगेच पाणी. युरिया दिल्यावर आठ-दहा दिवसांत ते गवत कापून घालू नका, नायट्रेटची बाधा जनावराच्या जिवावर बेतू शकते. या गवतात पाणी भरपूर, नुसतंच घातलं तर शेण पातळ होतं, म्हणून कुट्टी करताना भाताचा पेंढा मिसळा.

पहिल्या वर्षी दोन-तीन गुंठ्यांवरच लावून बघा. फेब्रुवारी सरता सरता ओंब्या दिसू लागल्या की शेवटची कापणी घ्या, आणि त्याच वाफ्यात संकरित नेपियर या उंच वाढणाऱ्या वैरणीच्या गवताचे ठोंब लावा.