जुन्या स्पोर्ट्स कारचा कॅट गेलाय? डबा बदलण्याआधी हे करा

कोल्हापुरात गाडीची खरी परीक्षा पन्हाळ्याच्या चढावर होते. माझी वीस वर्षांची दोन दारी स्पोर्ट्स कार वाघबीळपर्यंत नीट गेली आणि पुढं दमेकऱ्यासारखी धापा टाकायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की आवाज वाढायचा, वेग नाही. खाली आल्यावर मिस्त्रींनी निकाल दिला, “कॅट चोक झालाय. आतली जाळी फोडून मोकळा करू, कशी पळते बघा!” मी फोडू दिला नाही. बरं झालं, कारण मूळ दोष डब्यात नव्हताच.

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मधला, धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. हा डबा सहसा आपल्या मरणानं मरत नाही. एखादा सिलिंडर मिस मारत असेल, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नसेल, तर कच्चं पेट्रोल डब्यात जाऊन पेटतं आणि जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल तर थरावर राख बसते. हेड गॅस्केटमधून कूलंट आत जात असेल तरी थर निकामी होतो. म्हणून आधी मारेकरी शोधायचा.

१. ऐका आणि हुंगा. गाडी थंड असताना डब्यावर रबरी हातोडीनं हलकं टकटक करा. आत खुळखुळा वाजला तर जाळी फुटलेली आहे. कुजक्या अंड्याचा वास येत असेल तर मिश्रण जास्त पेट्रोलवर चालत असण्याची शक्यता मोठी.

२. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावा, पण कोडवर आंधळा विश्वास नको. पी०४२० म्हणजे “कॅटची कार्यक्षमता कमी”, “कॅट बदला” नव्हे. सोबत पी०३०० ते पी०३०४ हे सिलिंडर मिस मारत असल्याचे कोड दिसले तर आधी प्लग, प्लगला वीज देणारी कॉइल, इंजेक्टर बघा. मग इंजिन गरम करून कॅटच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचे आकडे पाहा. पुढचा साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वरखाली नाचतो. मागचा शांत राहायला हवा. तोही तसाच नाचत असेल तर कॅट काम करत नाही. मात्र त्याआधी एक्झॉस्टचे जोड तपासा. बारीक गळतीतून हवा आत ओढली गेली तरी सेन्सर फसतो.

३. कोंडलाय का, ते मोजा. इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना, व्हॅक्यूम गेज (हवेची ओढ मोजणारं मीटर) जोडा. पुस्तकात आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) १७ ते २१ इंच पारा लिहिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, त्यामुळे इथं दोनेक इंच कमीच दिसणार, घाबरू नका. आता २५०० आरपीएम धरून ठेवा. काटा क्षणभर पडून परत वर आला तर वाट मोकळी. हळूहळू खालीच येत राहिला तर धूर पुढं सरकत नाहीये.

माझ्या गाडीत एक कॉइल अर्धमेली होती. किती महिने ती कच्चं पेट्रोल डब्यात ढकलत होती, देव जाणे. कॉइल न बदलता नवा कॅट बसवला असता तर तोही गेला असता.

४. मग बदला. जाळी फोडून रिकामा डबा ठेवणं बेकायदा तर आहेच, शिवाय पीयूसीत सापडता. भारत स्टेज-३ पेट्रोल कारला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमच्या आत लागतं. मूळ पार्ट मिळत नसेल तर इंजिनच्या सीसीला जुळणारा युनिव्हर्सल कॅट घ्या आणि फ्लँज (पाइप जोडायची बोल्टची चकती) उद्यमनगरात बनवून वेल्ड करून घ्या. लेथवाल्यांच्या या गावात ते काही अवघड नाही. डब्यावरचा बाण धुराच्या दिशेनं ठेवा, गॅस्केट नवंच घाला. गंजलेल्या नट-बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर शिरू नका, स्टँड लावा.

यापुढं दोन गोष्टी सांभाळा. तापलेली गाडी पावसात तुंबलेल्या पाण्यात घालू नका, अचानक थंड झालेली सिरॅमिक जाळी तडकते. आणि ऊसतोड झालेल्या रानात पाचटावर उभी करू नका. कॅट काहीशे अंश तापलेला असतो, पाचट पेटायला वेळ लागत नाही.

जुना डबा गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. गुजरीतले, म्हणजे इथल्या सराफ बाजारातले, झारेकरी दुकानाबाहेरची मातीसुद्धा सोन्याच्या कणांसाठी धुतात. इथं तर आख्ख्या जाळीवर मौल्यवान धातूंचा थर आहे. भंगारवाल्याकडं वजनावर घालायची नाही, दोन-तीन ठिकाणी भाव विचारायचा. माझा डबा अजून माळ्यावर आहे. बायको विचारते, हे लोखंड कशाला?