रेशीम शेड, शेततळं, गांडुळाचा बेड: हवेच्या बाबतीत या चुका टाळा

जनावराचा श्वास म्हटलं की नाक, छाती आणि फुप्फुस एवढंच आपल्याला सुचतं. पण बीड-जालन्याकडे आता तुतीच्या शेडात रॅकभर अळ्या असतात, शेततळ्यात रोहू-कटला सोडलेला असतो, गोठ्याशेजारी गांडूळ खताचा बेड असतो. यातल्या एकालाही फुप्फुस नाही. तरी आपण त्यांची हवा बैलाच्या हिशोबानं मोजतो.

खरा हिशोब आकाराचा आहे. १ सेंमी बाजूच्या घनाला बाहेरून ६ चौरस सेंमी जागा मिळते आणि आत फक्त १ घन सेंमी भरतं. बाजू १० सेंमी करा: बाहेरची जागा ६०० चौरस सेंमी, आतला ऐवज मात्र १००० घन सेंमी. गुळाची ढेप पाण्यात तशीच राहते आणि फोडलेला खडा लगेच विरघळतो, ते याचमुळे. प्राणवायू नुसत्या विसरणानं, म्हणजे आपोआप पसरत जाऊन, ऊतीत मिलिमीटरभराच्या आसपासच वेगानं पोचतो. म्हणून डबक्यातल्या अमिबाला श्वासाचा वेगळा अवयव लागत नाही, मोठ्या जनावराला मात्र हवा घ्यायची जागा आत घड्या घालून वाढवावी लागते. माणसाच्या छातीत अशी साधारण ७० चौरस मीटर जागा असते. आणि ‘लहान जीव, त्याला कितीशी हवा लागणार’ हाही गैरसमजच. वजनाच्या मानानं बघितलं तर उंदीर हत्तीपेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू जाळतो.

चॉकीची सवय मोठ्या अळ्यांना लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. रेशीम अळी अंड्यातून निघाल्यापासून साधारण २५ दिवसांत वजनानं सुमारे दहा हजार पट वाढते. चॉकीत, म्हणजे अळ्या पहिल्या दोन अवस्थांत अगदी लहान असताना, कागद झाकून ठेवतात ते पाला ओला राहावा म्हणून, आणि ते बरोबरच आहे. फक्त पाला द्यायच्या अर्धा तास आधी कागद काढायचा. पण चौथ्या-पाचव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थांतही खिडक्या बंद, पडदे खाली, असं अनेक शेडांत दिसतं.

पाचव्या अवस्थेतली अळी हातावर घेऊन कुशीवरून बघा. प्रत्येक बाजूला नऊ काळे लंबगोल ठिपके दिसतील. ती तिची श्वासरंध्रं. तिथून निघालेल्या नळ्या फाटे फोडत थेट पेशीपर्यंत जातात; प्राणवायू वाहून न्यायचं काम रक्ताकडे नसतंच. म्हणजे शेडात जी हवा, तीच सरळ अळीच्या अंगात. बॅचचा बहुतेक पाला याच अवस्थेत संपतो, खाली विष्ठा आणि उरलेल्या काड्या साचून आंबतात, अमोनिया सुटतो. पहाटे दार उघडल्यावर डोळे चुरचुरले तर थर्मामीटर बघत बसू नका. आधी समोरासमोरच्या खिडक्या उघडा, मग बेड साफ करा. मे महिन्यात ओलं बारदान जरूर लावा, पण वरची फट बुजवू नका. चंद्रिकेवर, म्हणजे कोष करायच्या जाळीवर, अळ्या चढल्यावर तर हवा खेळतीच हवी. कोष करण्याआधी अळी अंगातलं पाणी टाकते, आणि दमट शेडातला कोष जालन्याच्या बाजारात भाव खात नाही.

हिवाळ्यात बंद शेडात कोळशाची शेगडी पेटवून तिथंच झोपणं हा प्रकार तर थांबवाच. ‘अळ्या ठीक आहेत म्हणजे हवा ठीक आहे’ असं म्हणू नका. कार्बन मोनॉक्साइड रक्तातलं हिमोग्लोबिन अडवतो. अळीकडे ते नाही, तुमच्याकडे आहे.

एक उलटी चूकही होते. तोंड वर करून स्तब्ध बसलेली अळी गुदमरलेली नसते, कातेवर, म्हणजे कात टाकायला बसलेली असते. तिला हलवू नका.

मासे वर आले म्हणून खाद्य टाकणं

पहाटे शेततळ्यात मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. भूक लागली असं समजून कुणी खाद्य टाकतं, आणि तेच न खाल्लेलं खाद्य कुजून उरलासुरला प्राणवायू संपवतं. ३० अंशाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. हवेत तो याच्या तीसपटीहून जास्त असतो. हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, रात्री तेही घेतं, म्हणून सूर्योदयाआधी पाणी सगळ्यात रितं असतं. त्यात श्रावणातलं ढगाळ हवामान आलं की विचारू नका. खाद्य आणि शेण दोन्ही बंद करा, मोटर लावून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पडू द्या.

मेलेल्या माशांचा आकार आवर्जून बघा. पहाटे मोठे मासे मेले आणि बोटुकली वाचली, तर संशय प्राणवायूवर घ्या. भरदिवसा लहानमोठे सगळे मेले किंवा लहान आधी गेले, तर वरच्या रानातून फवारणीचं पाणी उतरलं का ते तपासा. मरळ जिवंत आहे यावरून काही ठरवू नका, ती वर येऊन सरळ हवा घेते.

गांडुळं आणि कोंबड्या

गांडूळ अख्ख्या अंगानं श्वास घेतं, पण कातडी ओली असेल तरच. बेड वाळला तरी मरतं, चिखल झाला तरी हवा कोंडते. खत मुठीत दाबल्यावर हाताला ओल लागावी, पाणी ठिबकू नये. प्लास्टिकनं झाकू नका, बारदानच बरं. ताजं शेण घालू नका, ते तापतं.

कोंबडीला घाम येत नाही. उन्हाळ्यात ती चोच उघडून धापा टाकते ती अंग थंड करायला, दर वेळी आजारानं नव्हे. त्या धापांत रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं आणि अंडी पातळ कवचाची येतात. अशा वेळी नुसती शिंपल्यांची पावडर वाढवून भागत नाही. पत्र्यावर उसाचं पाचट टाकून पाणी मारा, बाजूचे पडदे वर घ्या, खाद्य सकाळ-संध्याकाळच्या थंड वेळेत द्या.