भरलेला हंडा उचलताना

हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनसाठी भरलेला हंडा कमरेवर घेणारी बाई मी पहिल्यांदा काढली, तेव्हा हंडा रिकामाच वाटत होता. चित्रं सुबक होती, पण एका चित्रातून पुढच्या चित्रात हालचाल दर वेळी सारख्याच अंतराची.

आता मी मधल्या चित्रांना आधी हातच लावत नाही. चार मुख्य पोझ काढते: वाकून काठ धरलेला, गुडघे दुमडून कंबर खाली गेलेली, हंडा जमिनीवरून सुटतानाची, आणि हंडा कमरेवर टेकल्यावर अंग उलट बाजूला कललेलं. मग प्रत्येक पोझ पूर्ण काळी भरून पाहते. नुसत्या काळ्या आकारातून काय चाललंय ते कळलं नाही, तर पोझ कच्ची. माझा हात नेहमी पोटात हरवायचा; कोपर बाहेर काढलं आणि काम झालं.

वेळेसाठी स्टॉपवॉच लावून स्वतः भरलेली बादली उचला. मला सव्वा सेकंद लागला. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चौकट, जातात; सव्वा सेकंदाला ३० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर १५ चित्रं. ती सारख्या अंतरावर मांडू नका! हंडा सुटण्याआधी पाच-सहा चित्रं अगदी चिकटून, केसभर फरकाची. सुटल्यावर तीनच, लांब लांब. कमरेवर येताना पुन्हा दाट. कागदाच्या कडेला रेघ मारून ही अंतरं आधीच खुणांनी मांडा.

हंडा टेकला की पुढची दोन चित्रं अंग थोडं खाली दबू द्या, मग एक वर. पाणी हिंदकळतं तेही तिथेच, अंगापेक्षा एक चित्र उशिरा.